वाटेकरी

जनकाच्या यज्ञमंडपात हजार गायी उभ्या आहेत, शिंगांना सोनं बांधलेल्या. जमलेल्यांत जो सर्वश्रेष्ठ ब्रह्मवेत्ता असेल त्यानं त्या घेऊन जाव्यात, असं राजानं जाहीर केलं आहे आणि याज्ञवल्क्यानं कुणाचीच वाट न बघता शिष्याला गायी हाकायला सांगून टाकलं आहे. सभा खवळते. एकेक जण उठून त्याला प्रश्न घालू लागतो. बृहदारण्यक उपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायातला हा प्रसंग. प्रश्न विचारणाऱ्यांत दुसरा आर्तभाग. तो विचारतो, माणूस मेला की त्याची वाणी अग्नीत जाते, प्राण वाऱ्यात, डोळा सूर्यात, मन चंद्रात, कान दिशांत, शरीर पृथ्वीत, रक्त पाण्यात. सगळं असं ज्याचं त्याला परत गेल्यावर तो माणूस कुठे असतो?

याज्ञवल्क्य सभेत उत्तर देत नाही. ‘आर्तभागा, बाळा, हात दे तुझा,’ तो म्हणतो, ‘हे आपण दोघांनीच जाणून घ्यायचं. लोकांच्यात नाही.’ दोघं बाजूला जातात. ते काय बोलले, हे उपनिषद दोनच वाक्यांत सांगतं. बोलले ते कर्माविषयी, प्रशंसा केली ती कर्माची. पुण्यकर्मानं माणूस पुण्यवान होतो, पापकर्मानं पापी. यावर आर्तभाग गप्प होतो.

कर्मसिद्धांत आपल्या वाङ्मयात अगदी सुरुवातीला जिथे जिथे दिसतो, त्यांतलं हे एक ठिकाण. तिथे तो कुजबुजत सांगितलेला आहे, एकाचा हात हातात घेऊन. पुढच्याच अध्यायात याज्ञवल्क्य हेच मोकळेपणानं बोलतो, माणूस जसं करतो, जसा वागतो, तसा होतो, हे तिथे सविस्तर येतं. तरीही मला तो पहिला प्रसंग महत्त्वाचा वाटतो. हजार गायी जिंकायच्या वादात वापरण्याजोगी ही गोष्ट नव्हे, असं त्या ऋषीला वाटलं असावं, असं मी समजते. पुढे आपण हीच गोष्ट सभेत आणली, ओसरीवर आणली, आणि शेवटी दुसऱ्याच्या घरी मर्तिकाला जातानाही बरोबर न्यायला लागलो.

माझ्या मावशीचा मुलगा ऐन पंचविशीत गेला. दहा-बारा दिवस घरात माणसांची रीघ होती. मी मावशीच्या शेजारी बसून असायचे. येणाऱ्यांपैकी कुणीही दुष्ट नव्हतं. बहुतेकांचे डोळे भरलेले असायचे. पण बोलायला तोंड उघडलं की तेच यायचं. ‘भोग असतात गं एकेकाचे.’ ‘मागच्या जन्मीचं देणं फेडायला आला होता, फेडून गेला.’ ‘ऋणानुबंध तेवढाच.’ मावशी मान हलवायची. एकीनं तर तिच्या पाठीवरून हात फिरवत फिरवत म्हटलं, ‘कुणाचे तरी तळतळाट असतात, आपल्याला कळतही नाहीत.’ ती बाई गेल्यावर मावशी उठून आत गेली आणि मोरीपाशी उभी राहून नुसता नळ चालू ठेवला. मी मागून गेले तर म्हणाली, ‘अगं, माझं काही पाप असेल तर मला भोगू दे ना. मी कुठे नाही म्हणतेय? पण मग त्याला का?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

त्याच दिवसांत एक म्हातारे कीर्तनकार रोज संध्याकाळी येत. मावशीच्या गल्लीतलेच. तेवढ्याच वेळेला येत, दाराजवळच्या खुर्चीवर बसत, ‘ताई, दोन घास खाल्ले का?’ एवढं विचारत आणि अर्ध्या-पाऊण तासानं उठत. पुढे मृत्यूचा दाखला आणायला, बँकेतलं मुलाचं खातं बंद करायला तेच मावशीबरोबर गेले. खिडकीवरच्या माणसानं फॉर्मवर ‘मयताशी नाते’ या रकान्याकडे बोट दाखवलं तेव्हा मावशीचा हात चालेना. त्यांनी तिच्या हातातून पेन घेतलं, ‘आई’ लिहिलं आणि सहीपुरतं पेन परत तिच्या हातात दिलं. हे मी तिथे उभी राहून पाहिलं आहे. खूप दिवसांनी मी त्यांना विचारलं, बुवा, तुम्ही जन्मभर प्रारब्धावर निरूपण केलंत आणि मावशीशी त्यातला एक शब्दही बोलला नाहीत. ते म्हणाले, ‘निरूपण ज्यानं त्यानं स्वतःला लावून बघायला असतं, पोरी. दुसऱ्याच्या घरी माणूस गेल्यावर ते काखोटीला मारून जायचं नसतं.’

मला या विषयात जे काही म्हणायचं आहे ते सगळं या दोन वाक्यांतून निघालं आहे.

कर्माचा विचार मी मानते. केलेलं वाया जात नाही, प्रत्येक कृती करणाऱ्याला थोडंथोडं घडवत जाते, आज जे सहज करतो तेच उद्या आपला स्वभाव होऊन बसतं, हे मला खरं वाटतं. जन्मांच्या साखळीबद्दलही मी श्रद्धेनंच बोलते. पण हा विचार स्वतःपुरता वापरणं आणि दुसऱ्याच्या दुःखाचा खुलासा म्हणून वापरणं, या दोहोंत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि आपल्या परंपरेनं या दोन्ही गोष्टी केलेल्या आहेत. हे प्रामाणिकपणे मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात एक यादी आहे. मागच्या जन्मी सोनं चोरणाऱ्याची नखं या जन्मी विद्रूप होतात, दारू पिणाऱ्याचे दात काळे पडतात, ब्रह्महत्या करणाऱ्याला क्षय होतो, गुरुपत्नीशी व्यभिचार करणाऱ्याची कातडी रोगट होते. ही यादी वाचताना माझ्या डोळ्यांपुढे पापी येत नाही, खोकणारा माणूस येतो. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी 1882 साली शोधून दाखवला. त्याआधी किती शतकं त्या आजारानं झिजणाऱ्या माणसाकडे पाहून आजूबाजूच्यांनी त्याचं मागच्या जन्मीचं पाप वाचलं असेल? औषध नव्हतं, तो काही कुणाचा दोष नव्हे. पण औषध नसताना निदान संशय तरी नको होता. श्रीकृष्ण गीतेत स्वतः म्हणतो, ‘गहना कर्मणो गतिः’. जी गती त्याला गहन वाटते ती शेजाऱ्याला दोन मिनिटांत कशी उलगडते?

यापेक्षाही मोठं नुकसान जातीनं केलं. छांदोग्य उपनिषदात चांगलं आचरण असणाऱ्यांना चांगली योनी आणि वाईट आचरण असणाऱ्यांना कुत्र्याची, डुकराची किंवा चांडाळाची योनी मिळते, असं वाक्य आहे. जिवंत माणसांचा एक अख्खा समूह त्या वाक्यात जनावरांच्या रांगेत बसवला आहे. त्याचे परिणाम पुस्तकात राहिले नाहीत. चोखोबांच्या नावावरच्या एका अभंगात ते म्हणतात की पूर्वी माझ्याकडून कृष्णनिंदा घडली म्हणून हा जन्म वाट्याला आला, हा विटाळ पूर्वीचंच फळ आहे. ज्यांनी ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा’ असं ठणकावून विचारलं, त्याच संताच्या तोंडी हे आहे. समाजानं माथी मारलेला निकाल भोगणाऱ्यानं आपल्याच सहीनिशी मान्य करावा, याहून मोठी हिंसा कोणती असते?

पण त्याच घरात त्याला उत्तरही जन्मलं. चोखोबांचा मुलगा कर्ममेळा. त्याचे अभंग थोडेच उरले आहेत, पण त्यातला एक वाचल्यावर माणूस विसरूच शकत नाही. ‘आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती’. आणि पुढे, ‘जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता’. बाप स्वतःच्या पूर्वजन्माकडे बोट दाखवतो, मुलगा देवाकडे. मी या दोघांत मुलाच्या बाजूनं आहे. आणि मला वाटतं, हा अभंग जपून ठेवणारी वारकरी परंपराही कुठेतरी त्याच्या बाजूनं आहे. नाहीतर देवाची लाज काढणारे हे शब्द इतकी शतकं टिकले नसते. डॉ. आंबेडकरांनी 1948 साली अस्पृश्यतेच्या उगमाविषयीचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांना अर्पण केला. नंतर त्यांनी हा धर्मच सोडला. जो सिद्धांत माणसाला त्याच्या हालाचं कारण त्याच्यातच दाखवतो, त्याच्यापासून दूर जाण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता.

असं असूनही या परंपरेत राहून मला धीर येतो तो अणीमांडव्याच्या कथेमुळे. महाभारताच्या आदिपर्वातली ही कथा सांगितली फार कमी जाते. मांडव्य ऋषी आश्रमाच्या दाराशी झाडाखाली हात वर करून मौनात उभा असतो. चोर येतात, लुटीचा माल त्याच्या आश्रमात लपवतात, स्वतःही लपतात. राजाचे शिपाई विचारतात, तो बोलत नाही. माल सापडतो. राजा त्यालाही चोरांबरोबर सुळावर चढवतो. तो मरत नाही. पुढे राजाला चूक कळते, तो पाया पडतो, सूळ काढायला बघतो, निघत नाही, शेवटी बाहेरचा भाग कापून टाकतात. आतला तुकडा अंगात घेऊन हा ऋषी हिंडत राहतो, म्हणून त्याचं नाव अणीमांडव्य, अणी म्हणजे सुळाचं टोक.

पुढे तो थेट यमधर्माच्या दरबारात जातो आणि विचारतो, कोणत्या कर्माचं हे फळ? धर्म सांगतो, लहानपणी तू पाखरांना, किड्यांना काडी टोचली होतीस. हिशेब बरोबर होता. कृती होती, फळ होतं, दोहोंत साम्यही होतं. आणि तरीही मांडव्य तो हिशेब नाकारतो. एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा? तो धर्माला शाप देतो की तू मनुष्य होऊन शूद्र स्त्रीच्या पोटी जन्म घेशील, आणि तो विदुर होऊन जन्मतो. याखेरीज मांडव्य एक मर्यादाही घालून देतो. चौदा वर्षांपर्यंत केलेल्या कशाचंही पाप लागणार नाही. म्हणजे ज्याला भोगावं लागलं त्यानं कायदा बदलला, आणि बदलला तो पुढच्या सगळ्या लेकरांसाठी. शाप म्हणून त्यानं जे सुनावलं त्यात त्या काळाचा उच्चनीच भाव आहेच, तो झाकायचं कारण नाही. पण सोसणाऱ्याला जाब विचारायचा हक्क आहे आणि खुद्द धर्मही त्या जाबाच्या वर नाही, हे महाभारतानं लिहून ठेवलं आहे. मोरीपाशी उभ्या असलेल्या मावशीनं विचारलं तेही याच जातीचं होतं.

मग कर्माचा विचार स्वतःपुरता कसा वापरायचा? याचं सगळ्यांत जुनं आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यांत सुंदर उदाहरण ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातलं वसिष्ठाचं वरुणसूक्त आहे, 86 वं. वसिष्ठ बेचैन आहे. वरुण आपल्यावर रागावला आहे, एवढंच त्याला कळतं. तो जाणत्यांना विचारून येतो, सगळे तेच सांगतात. मग तो देवाशीच बोलतो. असा कोणता मोठा अपराध झाला की तू आपल्या मित्रालाच मारायला निघालास? आमच्या वाडवडिलांच्या हातून घडलेले द्रोह सोडव, आमच्या हातून घडलेलेही सोडव. आणि मग कारणांची मालिका येते. माझी इच्छा नव्हती, दारू होती, राग होता, फासे होते, अविचार होता. धाकट्याच्या चुकीत थोरलाही असतो. झोपेतसुद्धा माणूस वावग्यापासून सुटत नाही. यात सबब आहे आणि कबुलीही, दोन्ही एकाच श्वासात. खरा पश्चात्ताप असाच घाबराघुबरा असतो.

माझे आजोबा रोज संध्या करत. पळी-पंचपात्र, ताम्हण, लोकरीचं आसन. सकाळच्या आचमनात एक मंत्र यायचा, ‘सूर्यश्च मा मन्युश्च’. रात्री माझ्या हातून जे पाप घडलं असेल, मनानं, वाणीनं, हातांनी, पायांनी, पोटानं, जननेंद्रियानं, ते रात्रीनंच पुसून टाकावं, असा त्याचा आशय. संध्याकाळी तोच मंत्र अग्नीला उद्देशून, दिवसभराच्या पापांसाठी. ते तळहातावर पळीभर पाणी घेऊन मंत्र म्हणत, ते पीत आणि पुढच्या मंत्राला लागत. मोठेपणी अर्थ कळल्यावर मला त्याचं फार अप्रूप वाटलं. अवयव एकेक करून मोजलेले आहेत, कशाचीही लाज न बाळगता. आणि हे दिवसातून दोनदा करायचं, पाप आठवत असो वा नसो. अर्थात हा मंत्र मुंज झालेल्या पुरुषांपुरता राखलेला. आजीला तो नव्हता. आजीला नाव होतं, जपाची माळ होती, एकशे आठ मणी आणि एक मेरूमणी, जो ओलांडायचा नसतो, तिथून माळ उलटी फिरवायची. संतांनी अधिकाराची भानगडच मिटवून टाकली. नामाला ना मुंज लागते ना मुहूर्त.

पण नाम घेतल्यानं पाप जातं म्हणजे नेमकं काय होतं? हा प्रश्न भागवतात खुद्द परीक्षितानंच विचारला आहे, सहाव्या स्कंधाच्या आरंभी. शुक त्याला प्रायश्चित्ताचं सांगत असतात. परीक्षित म्हणतो, माणूस पाप करतो, प्रायश्चित्त घेतो, पुन्हा तेच करतो. हे तर हत्तीच्या आंघोळीसारखं झालं. हत्ती नदीत मनसोक्त डुंबतो आणि काठावर येऊन पुन्हा अंगावर धूळ उडवून घेतो. सात दिवसांत मरायचं असलेला राजा असं विचारतो, त्याला पोकळ समाधान नको आहे. शुकांचं उत्तरही तितकंच सरळ आहे. कर्मानं कर्म कायमचं धुतलं जात नाही. खरं प्रायश्चित्त म्हणजे विमर्शन, मुळाशी जाऊन केलेला विचार.

आणि मग अजामिळाची गोष्ट येते. ती सगळ्यांना माहीत असते, पण अर्धी. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा म्हातारा, आयुष्य जुगार, चोरी, फसवणूक यांत गेलेलं, मरताना धाकट्या लाडक्या मुलाला हाक मारतो ‘नारायणा’, आणि विष्णुदूत येऊन यमदूतांना हुसकावतात. बस, एवढ्यावर गोष्ट थांबवतात आणि श्रोते खूश होऊन घरी जातात. भागवत तिथे थांबत नाही. त्या घटकेला अजामिळ मरतच नाही. दोन्ही दूतांचा वाद तो पडल्यापडल्या ऐकतो. ते निघून गेल्यावर त्याला आपलं सगळं आयुष्य आठवतं, टाकून दिलेले म्हातारे आईबाप आठवतात, सोडलेली बायको आठवते, आणि तो स्वतःचा धिक्कार करतो. मग घर सोडून गंगाद्वाराला जातो, एका देवस्थानात बसून साधना करतो, आणि ती साधना पुरी झाल्यावर ते दूत पुन्हा दिसतात. नामानं त्याची सुटका केली म्हणजे त्याला वेळ मिळवून दिला. विमर्शन त्याचं त्यालाच करावं लागलं.

मनुस्मृतीतही, त्या भयंकर यादीच्या याच अकराव्या अध्यायात, हे सापडतं. पाप केल्यावर ज्याला खरा ताप होतो तो त्या पापातून सुटतो, पण ‘नैवं कुर्यां पुनः’, पुन्हा असं करणार नाही, अशा निवृत्तीनंच तो पवित्र होतो. त्याच अध्यायात किरकोळ चोरीचं प्रायश्चित्त सांगताना आधी चोरलेली वस्तू परत करायला सांगितलं आहे. व्रतं नंतर. चांद्रायणात पौर्णिमेला पंधरा घास आणि मग रोज एकेक कमी करत अमावस्येला उपास, असं कितीही काटेकोर मोजलं तरी ज्याची वस्तू गेली त्याच्या घरी ती पोचली नसेल तर त्या घासांचा उपयोग काय?

याच ठिकाणी मला वाल्या कोळ्याची गोष्ट लहानपणापासून अडायची. मराठी घरात ती प्रत्येकानं ऐकलेली असते. एकेका खुनाचा एकेक खडा, असे सात रांजण भरलेले. नारद विचारतात, हे कुणासाठी करतोस? बायकामुलांसाठी. मग घरी जाऊन विचारून ये, तुझ्या पापात कुणी वाटेकरी आहे का. तो जातो, विचारतो, कुणी तयार होत नाही. ही कथा मूळ वाल्मीकिरामायणात नाही. अध्यात्मरामायणात ती आहे, तिथे नारदांच्या जागी सप्तर्षी आहेत आणि घरची माणसं म्हणतात, पाप सगळं तुझं, आम्ही फळाचे भागीदार. किती खरं उत्तर आहे हे! प्रत्येक लुटीच्या घरात ते दिलं जातं.

पतंजली मात्र हे उत्तर मान्य करणार नाहीत. योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात हिंसा तीन प्रकारची सांगितली आहे: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि जिला नुसती संमती दिली ती. ज्यांनी घरात बसून खाल्लं तेही त्यात आले. धाकट्याच्या चुकीत थोरला असतो असं म्हणणारा वसिष्ठ याच बाजूचा. म्हणजे कर्म ही ज्याची त्याची खासगी मिळकत आहे, असं आपली परंपरा एकमुखानं कधीच म्हणालेली नाही. वाटेकरी असतात. पापाला असतात, तसे ते दुःखालाही होऊ शकतात, आणि ते व्हायचं की नाही हे आपल्या हातात असतं. ‘त्याचं प्रारब्ध’ असं म्हणणारा माणूस खरं तर वाटेकरी व्हायचं नाकारत असतो. त्या घरच्या मंडळींनी वाल्याला दिलेलं उत्तरच तो दुःखी माणसाला देत असतो.

पण माझं अडणं वेगळंच होतं. त्या रांजणांतल्या खड्यांचं काय? ज्यांना मारलं त्यांच्या बायकामुलांना कुणी काही विचारायला गेलं का? वाल्याच्या घरी नारदांनी त्याला पाठवलं, मेलेल्यांच्या घरी कुणी गेलं नाही. मरा-मरा म्हणत अंगावर वारूळ चढलं, तो वाल्मीकी झाला, देवाच्या कृपेनं तरला, सगळं कबूल. त्यांना काय मिळालं?

याचं पुरतं उत्तर कथेत नाही, असं माझं मत आहे. मेलेल्यांना परत काही देता येत नाही. मात्र लोककथेतला वाल्या आणि रामायणातला वाल्मीकी हा एकच माणूस आहे, असं लोकांनी ज्या श्रद्धेनं मानलं, ती श्रद्धा घेऊन रामायण वाचलं की काही गोष्टी वेगळ्या दिसायला लागतात. बालकांडात तो तमसेच्या काठी स्नानाला निघालेला आहे. क्रौंच पक्ष्यांची जोडी, पारध्याचा बाण, नर खाली पडलेला, मादी आक्रोश करणारी. ज्यानं माणसं मारून रांजण भरले त्याला एका पाखराचं मरण बघवत नाही आणि त्याच्या तोंडून ‘मा निषाद’ बाहेर पडतं. तो त्या क्षणी पारध्याच्या जागी असू शकला असता. तो मागे उरलेल्या मादीच्या बाजूला उभा असतो. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी रांजणाकडे खड्यांच्या बाजूनं पाहतं.

आणि उत्तरकांडात सीता येते. गरोदर, काही अपराध नसताना लक्ष्मणानं गंगेपलीकडे आणून सोडलेली. ती लक्ष्मणाला विचारते, मी पूर्वी असं कोणतं पाप केलं होतं? कुणाची कुणापासून ताटातूट केली होती? सोसणारी बाई स्वतःलाच तपासते, शतकानुशतकं तपासत आली आहे. तिचं रडणं मुनिकुमार ऐकतात, वाल्मीकींना सांगतात, आणि ते स्वतः तिच्यापाशी येतात. त्यांना दिव्यदृष्टी आहे, पूर्वजन्म सांगणं त्यांना अवघड नव्हतं. ते म्हणतात, सीते, तपानं मिळालेल्या दृष्टीनं मी जाणतो की तू निष्पाप आहेस. आणि तिला आश्रमातल्या तापसींच्या हाती सोपवतात, हिला मायेनं सांभाळा म्हणून.

पुढे रामाच्या भरसभेत तिला पुन्हा उभं केलं जातं, तेव्हा तिच्याबरोबर वाल्मीकीच येतात. पुढे ते चालतात, मागे मान खाली घालून ती. आणि तिथे ते शपथ घेतात: मी हजारो वर्षं तप केलं आहे, ही मैथिली दूषित असेल तर त्या तपाचं कसलंही फळ मला मिळू नये. वारुळात बसून जे काही कमावलं होतं, सात रांजणांच्या बदल्यात जे काही साठलं होतं, ते सगळं त्यांनी एका बाईच्या शब्दासाठी गहाण टाकलं. एके काळी ‘माझ्या पापात वाटेकरी कोण’ म्हणून घरच्यांना विचारणारा माणूस आता कुणी न विचारता दुसऱ्याच्या संकटात आपलं सगळं पुण्य घेऊन उतरला होता.

सीतेला त्यानंही न्याय मिळाला नाही. ती पृथ्वीत गेली. पण त्या सभेत ती एकटी नव्हती.